पहिल्या पटाचा गोऱ्हा : पारख कशी करावी?

बी. ए. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी

आपल्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हा मूळचा कीचकदरा, असे आपल्याकडे परंपरेने मानतात. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, अशी ती कथा. कथा खरी धरली तर विराटाचा दरबार आपल्या आसपास कुठेतरी भरत असला पाहिजे, आणि त्या दरबारात दोन पारखी अज्ञातवासात नोकरीला होते. नकुल हा ग्रंथिक नाव घेऊन घोडशाळेत आणि सहदेव हा तंतिपाल नाव घेऊन गोठ्यात. सहदेवाने नोकरी मागताना विराटाला आपली विद्या सांगितली, ती म्हणजे उत्तम लक्षणांचा बैल ओळखण्याची. जनावर पारखणे ही एक विद्या आहे आणि ती सांगून राजाकडे नोकरी मिळू शकते, असे महाभारतकारांना वाटले, ही गोष्ट आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना सुखावणारी आहे.

धावून नाव मिळवलेला बैल ओळखायला फारशी विद्या लागत नाही. त्याची कीर्ती त्याच्या आधी गावात येते. खरी परीक्षा असते ती कधीच न धावलेल्या किंवा एखाददुसऱ्या वेळीच धावलेल्या गोऱ्ह्याची पारख करण्यात. घोड्यांच्या शर्यतीतही हीच अडचण आहे. एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्याला तिथे ‘मेडन’ म्हणतात, आणि अशा कोवळ्या घोड्यांच्या शर्यतीचा अंदाज बांधताना भले भले जाणकार चुकतात. प्रस्तुत लेखात आपल्या वऱ्हाडातील शंकरपटाच्या आधाराने या पारखीचा विचार करायचा आहे. जिथे उपयोग होईल तिथे घोड्यांच्या रेसचाही दाखला घेतला आहे.

हा विषय आजच का?

शंकरपट हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. कापसाची वेचणी उरकली, संक्रांत जवळ आली की गावोगावी पटाची चर्चा सुरू होते. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा पट तर सर्वश्रुत आहे. परंतु मध्यंतरी या परंपरेत मोठा खंड पडला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाने, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता वा प्रदर्शित करता येणार नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे पट सुरू होऊ शकले नाहीत. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

या तारखांचा आपल्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. बैलाचे धावण्याचे वय चार-सहा वर्षांचे. २०१४ मध्ये जो बैल पाच वर्षांचा भरात होता, तो २०२१ मध्ये बारा वर्षांचा म्हातारा झाला होता. म्हणजे बंदी उठल्यावर जी जनावरे मैदानात उतरली, त्यांतील बहुतेकांच्या मागे उघड मैदानावरचा काहीही इतिहास नव्हता. घोड्यांच्या भाषेत बोलायचे तर ते संपूर्ण मैदानच मेडनांचे होते. बैलांचे झाले तेच माणसांचेही झाले. ज्यांची नजर तयार होती ते थकले होते, आणि ज्यांनी ती नजर त्यांच्याकडून उचलायची त्या आमच्या पिढीने लहानपणी पटच पाहिला नाही. विद्या हातातून हातात जाण्याची वेळ आली आणि नेमके तेव्हाच मैदान बंद होते. त्यामुळे बंदीनंतर बाजारात भाव ठरू लागले ते बहुधा एकाच गोष्टीवर, घड्याळाच्या आकड्यावर. एका धावेची वेळ सेकंद-पॉइंटात कळली की गोऱ्ह्याची किंमत झाली! ही पद्धत किती अपुरी आहे हे दाखवणे हाच या लेखाचा हेतू.

पहिली गोष्ट : तोंड

माझे आबाजी गोऱ्हा पाहायला गेले की पायाकडे नंतर पाहतात. “बापू, आंधी तोंड उघड. पाय कुठी पयून नाई जात,” असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. ते दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. एकही पक्का दात आला नसेल तो अदात. आपल्या देशी गोऱ्ह्यात साधारण अडीच ते तीन वर्षांत मधले दोन दात येतात, तो दोनदाती. साडेतीनच्या सुमारास चारदाती, चार-साडेचारला सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही दात येऊन तो जुळतो. खुराकाप्रमाणे व जातीप्रमाणे काही महिने मागेपुढे होतात. घोड्याचेही असेच आहे. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना त्याच्या दातांच्या जोड्या बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते.

मग दोघांना एकच नियम लावावा का? तर नाही, आणि इथेच पुष्कळांची चूक होते. घोड्याच्या पुढच्या पायाचे, गुडघ्यावरचे लांब हाड साधारणपणे दोन ते अडीच वर्षांत वाढायचे थांबते. हाडाच्या टोकाशी जी कोवळी वाढीची पट्टी असते ती तोवर पक्की होते. बैलाच्या त्याच हाडाला साडेतीन ते चार वर्षे लागतात. म्हणून अडीच वर्षांचा घोडा आणि अडीच वर्षांचा गोऱ्हा दिसायला सारखेच भरलेले असले, तरी गोऱ्ह्याचा गुडघा आतून अजून कच्चा असतो. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर दोन वर्षांचे घोडे धावतात हे ऐकून कोणी दोनदाती गोऱ्हा पटाला काढत असेल, तर तो एका जनावराचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडतो. तसेही घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे आणि बैल हा ओढकामाचा, पोटात मोठा चारा बाळगणारा रवंथी प्राणी. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही, हे २०१४ च्या निकालात न्यायालयानेही नमूद केले होते. पटाची आवड असणाऱ्याने हे वाक्य विरोधकाचे म्हणून झटकून टाकू नये. गोऱ्ह्याला किती वेळा आणि कोणत्या वयात धावू द्यावे याचे उत्तर त्यातच आहे.

दातांचा आणखी एक उपयोग आहे. घोड्यांच्या रेसमध्ये सर्व घोड्यांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी, धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदोपत्री एकाच वयाचे ठरते. कोवळ्या वयात चार महिन्यांचा फरक मोठा असतो, म्हणून जाणकार मनुष्य जन्ममहिना विचारतो. आपल्याकडे कागद नाही, पण तोंड आहे. दोनदाती गोऱ्ह्याने चारदाती गोऱ्ह्याच्या बरोबरीची वेळ दिली तर ती बरोबरी नव्हे, लहानाने पुढचे पाऊल टाकले असे समजावे. रेसमध्ये याच कारणाने वयानुसार वजन देण्याची पद्धत आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ॲडमिरल रूस याने वयाप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे कोणत्या घोड्याने किती वजन वाहावे याचे कोष्टक बांधले. लहानाला हलके वजन, मोठ्याला जड. आपल्या पटात असे कोष्टक नाही. ते पाहणाऱ्याने मनात ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट : अंग आणि चाल

तोंडानंतर अंग. इथे जुन्या मंडळींनी भोवरे, गोम, शिंगांचा आकार, शेपटीचा गोंडा यांना फार महत्त्व दिले आहे. प्राचीन अश्वशास्त्रातही घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांची शुभाशुभ फळे सांगितली आहेत. त्या शास्त्राचा आद्य आचार्य शालिहोत्र. त्याच्याच नावावरून जनावरांच्या वैद्याला सालोत्री हा शब्द आला. या खुणा श्रद्धेच्या आहेत. त्यांनी बाजारात भाव चढतो किंवा उतरतो, पण वेग समजत नाही. त्यामुळे त्या मालकाच्या समाधानासाठी राहू द्याव्यात आणि पारख दुसऱ्या गोष्टींवर करावी.

त्या दुसऱ्या गोष्टी कोणत्या? गोऱ्हा सपाट जागेवर उभा करून समोरून पाहावा. पुढचे दोन्ही पाय सरळ खाली उतरले पाहिजेत. गुडघे आत ओढलेले किंवा बाहेर फाकलेले नकोत. छाती रुंद किती आहे यापेक्षा खोल किती आहे हे पाहावे, कारण फुप्फुसाला जागा तिथे मिळते. मागून पाहताना मागच्या पायांची ढोपरे एकमेकांना घासत नाहीत ना, हे बघावे. खूर आखूड, घट्ट, दोन्ही नख्या सारख्या असाव्यात. मग गोऱ्ह्याला चालवावे. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडत असेल तर ढांग चांगली. ठशाच्या बरीच मागे पडत असेल तर ढांग आखूड. आपल्याकडच्या धुळीच्या वाटेवर ही परीक्षा फुकट होते. ठसे मोजायला फक्त वाकावे लागते.

मात्र कोवळ्या जनावराचे अंग अर्धेच सांगते. पुष्कळ गोऱ्हे वाढीच्या काळात मागून उंच आणि पुढून ठेंगणे दिसतात. ते बेडौल वाटतात, पण वर्षभराने बरोबर होतात. म्हणून हाडाची घडण पाहावी. मांस पाहून भुलू नये. पेंड आणि सरकी चारून दोन महिन्यांत मांस चढवता येते, पाय सरळ करता येत नाहीत.

तिसरी गोष्ट : वंश

रेसच्या घोड्यांची वंशावळ लिहून ठेवतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात त्या नोंदींचे पुस्तक निघाले. आजचे सगळे थरोब्रेड घोडे नरांच्या बाजूने तीन मूळ घोड्यांपर्यंत पोहोचतात. न धावलेल्या घोड्याविषयी बोलताना जाणकार प्रथम त्याचा बाप, आई आणि आईची आधीची शिंगरे कशी धावली हे पाहतो.

आपल्या भागात हलक्या, चपळ बैलांची जात म्हणून गौळाऊचे नाव घेतात. वर्धा नदी ओलांडली की आर्वीचा भाग हे तिचे घर. पांढरा-करडा रंग, अरुंद बांधा आणि लांब चाल ही तिची ओळख. अलीकडे पश्चिम महाराष्ट्रातील खिल्लार गोऱ्हेही आपल्या पटांत दिसतात. जात कळली तरी गोऱ्ह्याची आई कोण, तिची आधीची वासरे कशी निघाली, हे कळत नाही, कारण ते कुठे लिहिलेले नसते. ते कोणा म्हाताऱ्याच्या स्मरणात असते. गोऱ्हा दोनदा विकला गेला की तेही तुटते. आईची माहिती मिळाली तर ती बापाच्या कीर्तीपेक्षा जास्त मोलाची समजावी. प्रसिद्ध वळूची वासरे शंभर असतात, त्यांतील चार धावलेली आपल्याला माहीत असतात आणि बाकीची कोणी मोजत नाही. एका गाईची पाच वासरे गावाला सगळीच माहीत असतात.

चौथी गोष्ट : स्वभाव

गर्दी, लाउडस्पीकर, हलगी, अनोळखी बैलांचा वास हे सर्व गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी एकदम भेटते. त्यावेळी तो काय करतो हे धावण्याआधीच दिसते. कान पुढे करून पाहत उभा राहिला, अंगावर हात ठेवल्यावर शांत झाला, तर तो शिकेल. डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, सारखे शेण टाकू लागला, अंग थरथरले, तर तो घाबरला आहे. घाबरलेला गोऱ्हा कधी कधी पहिल्या दिवशी सर्वांत जास्त पळतो. पण तो वेग भीतीचा असतो. दोन-तीन पटांनंतर जुवाजवळ न्यायला लागले की तो बसकण मारतो.

इथे नव्या नियमांचा एक फायदा फारसा कोणी बोलून दाखवत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा अधिक नसणे, अशा अटी आहेत, आणि चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. जनावराला क्रूरपणे वागवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. काही जुन्या शौकिनांना वाटते की तुतारीशिवाय पट म्हणजे मिठाशिवाय भाजी. परंतु पारखीच्या दृष्टीने पाहिले तर तुतारी टोचून काढलेली वेळ ही तुतारीची वेळ असते, गोऱ्ह्याची नव्हे. तुतारी हातातून गेली म्हणून आज पहिल्यांदा गोऱ्ह्याचा स्वतःचा वेग दिसू लागला. चांगला धुरकरी आवाजावर आणि कासऱ्यावर बैल चालवतो. आता धुरकऱ्याचीही पारख होते.

पाचवी गोष्ट : जोडीदार

घोडा एकटा धावतो, गोऱ्हा जोडीने. हा फरक सर्वांत मोठा आहे आणि घड्याळ तो दाखवत नाही. नव्या गोऱ्ह्याला नेहमी जुन्या, जाणत्या बैलाबरोबर जुंपतात. तेव्हा लागलेली वेळ दोघांची असते. ती एकट्या गोऱ्ह्याच्या नावावर लिहिणे किंवा त्याच्या नावावर उणी धरणे, दोन्ही चूक.

मग वेगळे कसे काढायचे? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक जाणता बैल आपल्या नेहमीच्या जोडीदाराबरोबर एका मैदानावर ८.६० सेकंद घेतो. त्याच दिवशी, त्याच मैदानावर नव्या गोऱ्ह्याबरोबर तो ९.२० घेतो. साठ पॉइंटांचा फरक नव्या गोऱ्ह्याकडे येतो. आता पंधरा दिवसांनी तीच नवी जोडी त्याच ओळखीच्या जोड्यांच्या तुलनेत तीस पॉइंटांवर आली, तर गोऱ्हा शिकला. ९.२० हा आकडा विसरून जावा. साठावरून तीसावर आला ही गोष्ट लक्षात ठेवावी. यात ‘त्याच दिवशी, त्याच मैदानावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या काळ्या जमिनीची एक धावपट्टी दुसरीसारखी नसते. एक रोलर फिरवून दाबलेली, एक भुसभुशीत, एकीत दव जिरलेले. एका गावची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेशी नुसती ताडून पाहणे म्हणजे एका विद्यापीठाचे गुण दुसऱ्याच्या गुणांशी ताडण्यासारखे आहे. म्हणून तुलना नेहमी त्या दिवशी धावलेल्या ओळखीच्या जोड्यांशी करावी.

दुसरी खूण छकड्याची. जू एकच असल्याने एक बैल मागे पडला की जू तिरपे होते आणि छकडा मागे पडणाऱ्याच्या बाजूला ओढला जातो. धावपट्टीवरील चाकोरी डावीकडे वळली असेल तर डावा बैल मंद पडला, उजवीकडे वळली असेल तर उजवा. चाकोरी शेवटच्या टप्प्यात वळली की सुरुवातीला, हेही पाहावे. सुरुवातीला वळली असेल तर गोऱ्ह्याला इशारा कळला नाही. शेवटी वळली असेल तर दम संपला. पहिली उणीव शिकवून जाते. दुसरीसाठी वय यावे लागते.

पहिली धाव कशी वाचावी?

आता पहिल्या धावेचा प्रश्न. नवा घोडा असो की गोऱ्हा, पहिल्या धावेत त्याला तीन गोष्टी माहीत नसतात : केव्हा निघायचे, कुठे पाहायचे आणि कुठे थांबायचे. म्हणून तो उशिरा निघतो, गर्दीकडे मान वळवतो आणि वाकडा धावतो. या तिन्ही चुका माफ कराव्यात. माफ न करण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत : धावेनंतर पाय उचलून धरणे, बराच वेळ श्वास खाली न बसणे, गुडघ्याला ऊब येणे, चाऱ्याला तोंड न लावणे. पहिल्या प्रकारच्या चुकांकडे घड्याळ बोट दाखवते. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी घड्याळ बंद झाल्यावर, गोठ्यात दिसतात.

रेसच्या इतिहासातील एक प्रसिद्ध दाखला येथे देण्यासारखा आहे. अमेरिकेतील सेक्रेटेरियट नावाचा घोडा ४ जुलै १९७२ रोजी पहिल्यांदा धावला तेव्हा सुरुवातीलाच दुसऱ्या घोड्याचा धक्का बसून मागे पडला आणि चौथा आला. त्या दिवशीचा निकाल पाहून कोणी त्याला विकले असते, तर? पुढल्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्याने तिकडच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि त्यांतील शेवटची, बेलमॉन्ट, तर एकतीस घोड्यांच्या लांबीने. त्या दिवशी ज्यांनी नुसता निकाल वाचला त्यांना चौथा नंबर दिसला. ज्यांनी धाव पाहिली त्यांना धक्का लागल्यावर तो गर्दीतून कसा पुढे आला हे दिसले.

अर्थात उलटेही होते. पहिल्याच दिवशी चमकलेले कित्येक घोडे नंतर दिसत नाहीत. म्हणून पहिली धाव चांगली असो वा वाईट, तिच्यावरून निर्णय घेऊ नये. पहिल्या आणि दुसऱ्या धावेत जनावराने काय उचलले, त्यावरून घ्यावा. आपल्या देशातील सर्वांत मानाची घोड्यांची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. ती १९४३ पासून महालक्ष्मीवर चालत आली आहे आणि ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी आहे. घोड्याला एवढी वर्षे दिली जातात. ज्याचा गुडघा त्याहून उशिरा पक्का होतो त्या गोऱ्ह्याला आपण किती देतो?

घरचा एक अनुभव

हे सारे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. पट पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या घरी एक गोऱ्हा आला. दोनदाती, पांढरा, देखणा. पहिल्याच पटात त्याने अशी वेळ दिली की मैदानातच बोली लागली. काकांनी आणि बाबांनी सोयाबीनचे आलेले पैसे त्यात घातले. आबाजींनी तोंड पाहिले आणि एवढेच म्हणाले, “वासरू चांगलं हाय. पण याले आत्ता पयवू नका. दोन दात अजून येऊ द्या.” त्यांचे कोणी ऐकले नाही. मीही ऐकले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोबाइलवर त्याच्या धावेचे चित्रीकरण मित्रांना दाखवणाऱ्यांत मी पहिला होतो.

त्या हंगामात जवळजवळ दर रविवारी तो कुठल्या ना कुठल्या गावी धावला. वेळ आधी सुधारली, मग थांबली, मग वाढू लागली. आम्ही जोडीदार बदलला, धुरकरी बदलला, खुराक वाढवला. गुडघ्यावर हात कोणी फिरवला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना आबाजींचा हात खाली गेला आणि तिथेच थांबला. उजवा गुडघा सुजून गरम झाला होता. पशुवैद्यकांनी तपासून सांगितले की हाड पक्के होण्याआधी फार भार पडला. तो बैल आज आमच्याकडेच आहे. तो हळू चालतो, बसताना आणि उठताना वेळ घेतो. पटाला तो पुन्हा गेला नाही. आमची पारख वेगापुरती बरोबर होती, तो खरोखरच वेगवान होता. आम्ही वय पाहूनही ते हिशेबात धरले नाही.

समारोप

थोडक्यात, पहिल्या पटाच्या गोऱ्ह्याची पारख करताना क्रम असा असावा : आधी दात, मग हाड आणि चाल, मग आई, मग स्वभाव, मग जोडीदार, आणि सर्वांत शेवटी घड्याळ. आज क्रम नेमका उलटा झाला आहे.

यावर दोन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. एक, पट भरवणाऱ्या मंडळींनी सहादाती होण्याआधी गोऱ्ह्याला मैदानात घेऊ नये. तोंड पाहायला एक मिनिट लागते. पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र तर घ्यावेच लागते, त्यावरच दातांची नोंद करता येईल. दुसरी, प्रत्येक गावाने पटाची एक वही ठेवावी. तीत गोऱ्ह्याचे दात, आई, जोडीदार, जमिनीची स्थिती, त्या दिवशीच्या ओळखीच्या जोड्यांच्या वेळा आणि धावेनंतर गुडघ्याची अवस्था एवढे लिहावे. अकोल्यात आपल्याकडे कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. चार हंगामांच्या अशा वह्या तेथील अभ्यासकांसमोर ठेवल्या, तर म्हाताऱ्यांच्या स्मरणात आहे ते आणि शास्त्राला माहीत आहे ते एकमेकांशी ताडून पाहता येईल.

आमच्या गावची वही मी यंदा सुरू केली आहे. आबाजी सांगतात आणि मी लिहितो. त्यांना अक्षरओळख नाही, मला गोऱ्ह्याची नाही. तेव्हा दोघांनाही एकमेकांची गरज आहे. आपल्या महाविद्यालयात वऱ्हाडातील कितीतरी गावांची मुले-मुली येतात. त्यांपैकी पाच-सहा जणांनी आपापल्या गावची वही सुरू केली तरी पुढच्या वर्षीच्या अंकात या लेखाचा दुसरा भाग एकट्याने लिहावा लागणार नाही.